बाई, परात मीच वर ठेवली होती

बाई, तुझ्या मृत्यूची नोंद करायला मी नगर परिषदेत गेलो. नाव, वय, पत्ता, सगळं सरळ भरलं. 'व्यवसाय' या रकान्यापाशी थांबलो. खिडकीतला कारकून ओळखीचा. म्हणाला, "साहेब, निरंक लिहा ना. नोकरी नाही, पेन्शन नाही."

निरंक. हा शब्द मी तीस वर्षं सरकारी कागदांवर लिहिला. जिथे काही नाही तिथे रिकामी जागा सोडायची नाही, निरंक लिहायचं, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडत नाही. तू माझी मोठी बहीण, तुझ्या नावापुढेही मीच तो लिहीत आलो. रेशन कार्डाचा अर्ज असो, दवाखान्याचा असो, तुझा व्यवसाय निरंक. या वेळी मी लिहिलं: 'शेतमजुरी, सोंगणी, निंदण, भाकरी करणे, भाऊ वाढवणे.' रकाना पुरला नाही म्हणून बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं आणि सही केली.

"कॉम्प्युटर हे घेत नाही, साहेब. त्याच्यात ठरलेले शब्द हायेत."

"कॉम्प्युटर न घेवो. कागद घेते."

त्याने कॉम्प्युटरमध्ये काय टाकलं ते मला माहीत आहे. कागदावर काय आहे तेही माहीत आहे.

'व्यवसाय' या शब्दावरून आपल्या घरात भांडण सुरू झालं ते तुझ्या भाचीमुळे, माझ्या लेकीमुळे. समीक्षाला बारावीला मार्क चांगले होते, पण डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत थोडे कमी पडले. मग नागपूरच्या कॉलेजची यादी आली. त्यात ऑक्युपेशनल थेरपी, आणि खाली मराठीत 'व्यवसायोपचार'. मी तो शब्द तीनदा वाचला. मला वाटलं शिवणकाम, टोपल्या विणणं असलं काहीतरी शिकवत असतील. त्याला साडेचार वर्षं कशाला? मेडशीचा आपला चुलतभाऊ देवीदास त्या दिवशी घरी होता. तो हसत सुटला.

"व्यवसायाचा उपचार म्हंजे काय भाऊ? कोणाचं दुकान चालत नसलं तं पोरगी जाऊन नाडी पाह्यते काय?"

समीक्षाने समजावलं. आजारपणाने, अपघाताने माणसाची रोजची कामं सुटतात, अंघोळ, जेवण, कपडे, स्वयंपाक, शेत. ती त्याला पुन्हा करता यावीत म्हणून शिकवायचं. मी म्हणालो, "त्यासाठी घरचे लोक असतात." देवीदास म्हणाला, "बरोबर." तू तेव्हा गहू निवडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "हाताचं शिक्षण हाय ना? मंग जाऊ दे तिले."

तू म्हणालीस म्हणून ती गेली. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे या गोष्टीचं श्रेय मी घेण्याची शक्यता आहे.

ती तिसऱ्या वर्षाला असताना तुला लकवा मारला. उजवी बाजू गेली. अकोल्याच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं आणि मी ठरवून टाकलं की आता बाईला काडी उचलू द्यायची नाही. आई गेली तेव्हा तू चौदाची होतीस, मी पाचचा. दाजी वारल्यावर तू माहेरी आसेगावला परत आलीस आणि माझी शाळा सुटू दिली नाहीस. सोयाबीन सोंगताना, म्हणजे कापताना, बाकीच्या बाया ठरलेल्या ओळींची एक पात धरायच्या, तू दोन ओळी जास्तीच्या धरायचीस. आता माझी पाळी होती. तुझी भावजय तुला घास भरवायची. मी केस विंचरायचो, वाईट विंचरायचो, पण विंचरायचो. येणारे-जाणारे म्हणायचे, सेवा करावी तर अशी. मला ते ऐकायला आवडायचं.

दिवाळीच्या सुट्टीत समीक्षा आली. दोन दिवस नुसतं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने आईच्या हातातला घास काढून ताटात ठेवला आणि ताट तुझ्यासमोर सरकवलं. डावा हात ताटात, उजवा हात ताटाच्या कडेवर, ताट धरायला. "आत्या, तू खा."

तू त्या दिवशी वरणात चुरलेली अर्धी भाकर चाळीस मिनिटांत खाल्लीस. मी घड्याळ लावून बसलो होतो. निम्मं वरण लुगड्यावर. शेजारच्या काकू दारात आल्या, पाहून गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं, "पोरगी नागपूरले शिकून आली अन् आत्याले उपाशी ठेवून राह्यली." मी समीक्षाला आत बोलावून रागावलो. ती म्हणाली, "बाबा, आत्याच्या हाताकडे दोन महिन्यांत कोणी काही मागितलंच नाही. तो कशाला उठेल?"

मग ती वही घेऊन तुझ्याजवळ बसली. कॉलेजात करतात तशी विचारपूस. "आत्या, तुझा व्यवसाय काय?"

"माहा? काईच नाही. खाटेवर हाव."

मी खुर्चीवरून म्हणालो, "लिही, निरंक."

समीक्षाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उचलला. तिने तुला विचारलं, लकव्याच्या आधी सकाळी उठल्यापासून काय काय करायचीस, एकेक सांग. तू सांगत गेलीस, ती लिहीत गेली. एक्केचाळीस ओळी झाल्या. मी तपासल्या, कारण मला तपासल्याशिवाय राहवत नाही. दोन ओळी दुबार होत्या. एकोणचाळीस.

"यातलं तुला परत काय पाहिजे, आत्या?"

मला वाटलं तू म्हणशील, एकटीने न्हाणीपर्यंत जाणं. तू क्षणभरही थांबली नाहीस. "भाकर."

"खायला?"

"कराले वो बाई. खाले तं भेटूनच राह्यली."

न्हाणी, लुगडं, पायऱ्या हे सगळं आधी झालंच, त्यात हिवाळा गेला. पण तुझा डोळा भाकरीवर होता. समीक्षाने कॉलेजात शिकवतात तसे भाकरीचे टप्पे पाडले. पीठ घेणं, पाणी ओतणं, मळणं, गोळा करणं, थापणं, असे सतरा. तुला वाचून दाखवले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "अठरा."

"कोणता राहिला?"

"तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कोन फिरवीन? तुहा मास्तर?"

ती खजील झाली. तू विचारलंस, "तुले येते काय भाकर?" नाही येत, असं तिने कबूल केलं. त्यावर तू जी हसलीस, लकव्यानंतर पहिल्यांदा, तोंड एका बाजूला जायचं तरी हसलीस. "पाह्य बापू! जिले भाकर येत नाही ते मले भाकर शिकवून राह्यली!"

मग उलटं सुरू झालं. ती पीठ मळायची, तू खुर्चीवरून शिव्या द्यायचीस. "अवं दाब, दाब, तळव्यानं दाब. मेलेल्या मानसाचे पाय चेपून राह्यली काय?" आणि एका सकाळी, तुला तिचं मळणं असह्य झालं म्हणून, तू डाव्या हाताने उजवा हात उचलून परातीत ठेवलास आणि दाबलंस. समीक्षाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. तिला माहीत होतं मी काहीतरी बोलेन.

पुढची व्यवस्था तिने केली. परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. सराट्याच्या, म्हणजे उलथण्याच्या, दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड मूठ. ओट्यापाशी उंच खुर्ची, तिचे पाय मी स्वतः मोजून कापले, एक पाय दीड मिलिमीटर लहान झाला, त्याखाली पुठ्ठा. ती नागपूरला गेली की रोज सकाळी फोनवर बोलायची, तू तिला आकडा सांगायचीस: आज दोनदा थापली, मोडली. आज उचलली, पडली. पाचव्या महिन्यात एक अख्खी भाकर तव्यावरून निघाली. एका कडेला जाड, एका कडेला कागद, मधे भेग. तू ती माझ्या ताटात टाकलीस. बाई, आता सांगतो, ती कडेला कच्ची होती. पुढच्याही कच्च्याच असायच्या. मी सगळ्या खाल्ल्या आणि कधी सांगितलं नाही. तू तेवढी चवीची पक्की, तुला ते कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. म्हणजे आपण दोघंही गप्प बसलो.

आता ते सांगतो, जे तुझ्यासमोर सांगायला हवं होतं.

तुझ्या उजव्या हाताला गरम-थंड कळत नव्हतं. समीक्षाने बजावलं होतं, उजवा हात तव्याजवळ न्यायचा नाही, आधी डाव्याने अंदाज घ्यायचा. एका सकाळी तुझी करंगळी आणि शेजारचं बोट तव्याच्या कडेला टेकलं. तुला कळलंच नाही. तुझ्या भावजयीने पाहिलं आणि किंचाळली. दोन फोड आले. समीक्षा फोनवर रडली. म्हणाली, "चूक माझी. मी सांगितलं, पण सवय होईपर्यंत करून घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात उचलली आणि माळ्यावर ठेवली. तुझ्या देखत.

समीक्षा फोनवर भांडली. "बाबा, आत्या म्हणजे कोठीतलं धान्य नाही, किडू नये म्हणून झाकून ठेवायला." मी म्हणालो, "बोटं जळाली, आता सुरक्षितता आधी." सुरक्षितता हा शब्द मी कार्यालयात वापरतो तसा वापरला. खरं कारण वेगळं होतं. आदल्या संध्याकाळी माझ्या कार्यालयातला एकजण घरी आला होता. तुझ्या बोटांवरची पट्टी पाहून म्हणाला, "साहेब, अजून बाईकडून काम करून घेता?" हसत म्हणाला. मला रात्रभर ते लागलं. बाई, मी तुझ्या बोटांसाठी परात वर ठेवली नाही. माझ्या तोंडासाठी ठेवली. लोकांनी माझ्याकडे कसं पाहावं, यासाठी तुझं काम काढून घेतलं.

अकरा दिवस. तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. भावजयीशी बोलायचीस, दूधवाल्याशी बोलायचीस, माझ्याशी नाही. मला वाटलं राग आहे, निवळेल. पण तू हातही खाली ठेवलास. पाचव्या दिवशी उजव्या मुठीत वाटी राहीना. आठव्या दिवशी तू स्वतःहून तोंड उघडलंस, भरव म्हणून. जे मिळवायला पाच महिने लागले होते ते आठ दिवसांत गेलं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी ते पाहून तारखा मोजत बसलो. बाराव्या दिवशी मी चहा घेऊन आलो तेव्हा तू बोललीस.

"बापू, मी मरनार हाव, ते तं नक्की. पण तुह्या घरात पाव्हनी म्हून नाही मरनार. परात काढ."

मी काढली. माफी मागितली नाही. स्टूलवर चढलो, धूळ पुसली, परात ओट्यावर ठेवली. तू म्हणालीस, "घासून ठेव." मी घासली. माझ्या मते ती माफी होती. तुझ्या मते काय होतं ते मी विचारलं नाही, आणि आता विचारता येत नाही.

त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून. वाटी, मग पीठ, मग थापणं. तव्यापाशी आता आधी डावा हात जायचा, न चुकता, मी पाहायचो. शेवटी शेवटी रोज सकाळी दोन भाकरी व्हायच्या, एक तुझी, एक माझी. तुझ्या भावजयीने मागितली तर म्हणायचीस, "तुले हात हायेत ना?"

त्या सकाळीही दोन झाल्या. गॅस तूच बंद केलास. खुर्चीवर बसून चहा मागितलास, आणि कप धरायच्या आधी मान कलली. गाडी आली, पण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तू गेली होतीस.

मी डॉक्टरांना तीन वेळा, तीन तऱ्हेने विचारलं. ते म्हणाले, ब्लडप्रेशर जुनं, एक झटका येऊन गेलेला, दुसरा केव्हाही येऊ शकत होता, झोपेतही. भाकरीने कोणाला असं होत नाही. मी म्हणालो, "शंभर टक्के?" ते म्हणाले, "शंभर टक्के कशाचंच सांगता येत नाही, साहेब." हे उत्तर खरं आहे म्हणून मी ते जसंच्या तसं ठेवतो. ते मला टोचतं. टोचू दे.

पण लोकांना एवढं थांबायला वेळ नव्हता. भाकर करून उठली आणि गेली, यातलं 'करून' आणि 'गेली' त्यांनी जोडून टाकलं. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भंतेजींनी बुद्धवंदना घेतली, मग रिवाजाप्रमाणे एकेकाने उभं राहून दोन शब्द बोलायचे. देवीदास उभा राहिला.

"बाईनं जनमभर कष्ट केले. लकवा मारल्यावर तरी तिले आराम भेटाले पाह्यजे होता. पण आजकालच्या शिक्षनात आराम बसत नाही. मी कोनाचं नाव घेत नाही."

मांडवातल्या सगळ्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. समीक्षा तिथे पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिने जग खाली ठेवला आणि आत गेली.

मला फक्त आभार मानायचे होते. चिठ्ठीवर लिहूनही आणले होते. मी चिठ्ठी खिशात टाकली.

"देवीदास, तू नाव घेत नाही, मी घेतो. समीक्षा. अन् आराम म्हनतोस ना? आराम मी देल्ला होता बाईले. अकरा दिवस. परात माळ्यावर ठेवली, खाटेवर बसवलं, घास भरवला. पाचव्या दिवशी तिच्या हातून वाटी सुटली. आठव्या दिवशी तिनं लेकरावानी तोंड उघडलं. हे मी मोजलं हाय. लकव्यातून जे राह्यलं होतं ते माह्या आरामानं नेलं. पोरीनं ते परत आनलं. ज्याले बोलायचं त्यानं मले बोलावं."

"अबे भाऊ, मी तं बाईच्या भल्याचंच…"

"बाईचं भलं बाईले समजत होतं."

भंतेजींनी डोळे मिटले होते, ते उघडले नाहीत. देवीदास जेवून गेला. जाताना बोलला नाही. न बोलो.

मला वाटलं, झालं. पण समीक्षाला माझ्या भाषणाने काही झालं नाही. तिच्या शेवटच्या सहा महिन्यांतले, प्रत्यक्ष वॉर्डात काम करायचे, दोन महिने बाकी होते. ती म्हणाली, "मी जाणार नाही." कॉलेजचा फोन उचलेना. मी कारण विचारलं नाही, पण चौथ्या दिवशी तिने स्वतःच सांगितलं. वॉर्डात तुझ्याच वयाची एक बाई आहे, आपल्या वाशीमकडचीच, उजवा हात गेलेला. तिला काय पाहिजे असं समीक्षाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, चूल. "बाबा, मी कोणत्या तोंडानं तिला चुलीपाशी नेऊ?"

शिवाय तिला तुझी केस लिहून मास्तरांसमोर मांडायची होती. पहिल्या दिवसापासून नोंदी तयार होत्या. शेवटचं पान कोरं. त्यावर परिणाम लिहायचा होता.

बाई, धीर देणं मला येत नाही. मी म्हणालो, "आण इकडे फाइल." आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो. मी म्हणालो, "सगळं लिही. दोन बोटं भाजली ते लिही. तुझी चूक कुठली तेही. अकरा दिवस परात कोणी वर ठेवली ते लिही. माझं नाव घाल."

"बाबा, केसमध्ये नातेवाइकांचं नाव नसतं. केअरगिव्हर लिहितात."

"मग लिही, केअरगिव्हरनं लोकलाजेपायी अकरा दिवस परात माळ्यावर ठेवली."

ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली आणि लगेच रडली. मग लिहायला लागली. मध्येच थांबून विचारलं, "बाबा, खरं सांगा. माझं चुकलं का?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण तिने खरं विचारलं होतं. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "तुलाही माहीत नाही. अर्धवट शिकून तर कधीच कळणार नाही. पुरं शीक, मग मला येऊन सांग."

तिने शेवटच्या पानावर लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. तपासायला मागितलंही नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने ती नागपूरला गेली.

काल तिचा फोन आला. केस मांडून झाली होती. खोलीत पाच मास्तर, आणि तिच्या वर्गातली सगळी मुलं. ती शेवटपर्यंत वाचत गेली. शेवटी त्यांच्यातल्या वरिष्ठ बाईंनी चष्मा काढून विचारलं, हाताला गरम-थंड कळत नाही अशा पेशंटला तापल्या तव्यापाशी बसायची परवानगी कोणी दिली? तुम्ही, की घरच्यांनी?

समीक्षा म्हणाली, "मॅडम, आम्ही दोघांनीही नाही. ती आम्हाला विचारत नव्हती."